हिरवी जाळी

रोज सहाशे छपरं.
तेवढी झाली की दिवसाचे पैसे निघतात.
पडद्यावर नागपूर उपग्रहाला दिसतं तसं पडलेलं,
उताणं, बिनआवाजाचं,
आणि मी एकेका छपराभोवती रेघ ओढते.
पत्रा. स्लॅब. कवेलू. झाड. पाणी.
पाचच शब्द शिकवायचेत यंत्राला.
उमरेडकर सर म्हणतात, एवढ्यावर ते सांगेल
कोणत्या गल्लीत रात्र निवणार नाही.

दिवसाचं ऊन नागपूरला पाठ आहे.
दुपट्टा बांधला, खिशात कांदा टाकला, निघाले.
माणूस खचतो तो रात्री,
भिंत दिवसभराचं उसनं परत करायला लागते तेव्हा.

शेजारी फिरदौस. तिच्या वाट्याला मोमिनपुरा.
ती छपरं मोजत नाही, नावं घेते:
हे खालाचं, हे बेकरीवाल्याचं,
यावर कबुतरं होती.

बुधवारी माझ्या पडद्यावर पाचपावली आली.
आमचाच पत्रा,
उडू नये म्हणून ठेवलेल्या चार विटा,
बाजूला मायच्या कुरोड्यांचं धोतर, पांढरा ठिपका.
मी रेघ ओढली. पत्रा, म्हटलं.
पुढचं छप्पर.

महिन्यानं यंत्रानं पहिला नकाशा काढला.
सगळं शहर तांबडं, नारिंगी,
आणि आमच्या गल्लीवर गार निळा डाग.
खाली लिहिलेलं: 'वृक्षाच्छादन दाट.'
मी हसले.
काऊन हासून राह्यली वं, फिरदौस म्हणाली.

झाड कुठलं आमच्या गल्लीत!
मार्चात पोट्ट्यांनी वर्गणी काढून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळी ताणली,
नर्सरीत असते ती, हिरवी,
मंडपाच्या उरलेल्या बांबूंवर.
हातमाग विकल्यापासून सुकाजीकाका
तिच्याखालीच खाट टाकतात.
दुपार तिच्या भोकांतून पिठासारखी गळत राहते.
वरून पाहणाऱ्याला वाटलं, रान आहे.

त्याला काय बोलू?
हिरवं म्हणजे झाड, हे मीच सांगितलेलं.

एका गल्लीनं काय फरक पडतो, सर म्हणाले.
सर, दवाखान्याची गाडी याच नकाशावरून फिरणार ना?
निळ्यात कोण येईल?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मग सहावा शब्द आला: जाळी.
आम्ही अकरा जणी मागं गेलो,
शहरभराचं खोटं हिरवं हुडकत.
सिग्नलवरच्या जाळ्या, इतवारीतल्या दुकानांपुढच्या,
लग्नाच्या लॉनवरचं प्लॅस्टिकचं गवत,
एक शेवाळलेला हौद, ज्याला ते बगीचा समजत होतं.
फिरदौसचा एक कडुनिंब तेवढा खरा निघाला.
म्हणजे फोटोत खरा.
रस्ता रुंद झाला तेव्हा गेला.
तिनं दोन दिवस त्याला झाडच राहू दिलं.
तिसऱ्या दिवशी खोडला.

रात्री यंत्र नव्यानं शिकायला बसतं,
आमच्या घरापेक्षा गार खोलीत.
त्याची वीज कोराडीकडून येते,
आणि वारा फिरला की तिकडचीच राख
कुरोड्यांवर बसते, असं माय म्हणते.
हे कोणत्या रकान्यात भरायचं,
मी विचारलं नाही.

नव्या नकाशात आमची गल्ली तांबडी.
निकाल लागल्यासारखं मी घरी सांगितलं.
माय म्हणाली, हे सांगाले मशीन लागली का वं?
मले इचारलं असतं त पह्यल्याच दिवशी सांगितलं असतं.
हाव ना माय.
पण तुला विचारायला कोण आलं असतं?

शनिवारी महापालिकेची दोन माणसं
पत्र्याला पांढरा रंग देऊन गेली.
त्या रात्री काका घरात झोपले,
थोडं कुरकुरत.
सकाळी शिडीवरून पाहिलं:
विटा न हलवताच रंगवलंय त्यांनी.
मी एक वीट उचलली. खाली जुना पत्रा,
विटेएवढा, आताच तापायला लागलेला.
असे चार.
पुढच्या महिन्यात माझ्याच पडद्यावर येतील.