परत हिरवी

सिदी स्लिमानच्या पॅकिंग शेडमध्ये
पट्टा सकाळी सहाला सुरू होतो.
बारा बायका, चोवीस हातमोजे.
माझं काम एवढंच: हिरवं दिसलं की बाजूला काढायचं.
भिंतीवर रंगांचा तक्ता आहे, एक ते आठ.
तिनाच्या खालचं संत्रं जहाजावर चढत नाही.

मार्चमध्ये हे सोपं असतं.
मे सरत आला की फळं घोळ घालतात.
झाडावर नारिंगी होऊन बसलेली,
कुणी तोडायला आलं नाही म्हणून
देठाकडून पुन्हा हिरवी होऊ लागतात.
कच्ची नव्हेत. मी चोरून खाल्लीत.
इतकी गोड, की ओठाला ओठ चिकटतो.
पण तक्त्याला जीभ नसते.

तूदा, माझ्या बहिणीची लेक, सुट्टीला रबातहून आली
ती सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून.
टाकलेल्या ढिगातलं एक तिनं उचललं,
दाढीच्या पात्यानं सालीचा पापुद्रा काढला,
काचेवर थेंबभर पाणी, वर दुसरी काच.
"बघ मावशी. एक डोळा मीट."

आधी माझ्याच पापण्या दिसल्या.
मग खोल्या, एकीला लागून एक, भिंती सामाईक,
आणि खोल्यांत दाणे. काही केशरी, काही हिरवे,
काहींचं अजून ठरत नव्हतं.

लवकं म्हणतात यांना, ती म्हणाली.
हिरवं ते हरितलवक. आत पापुद्र्यांच्या चवडी,
ताटात रचलेल्या भाकरींसारख्या. ऊन तिथं कामाला लागतं.
थंडी पडली की चवडी मोडतात, हिरवा विरतो,
बारीक तेलकट थेंबांत केशरी साठत जातं.
दाणा तोच. आता त्याला वर्णलवक म्हणायचं.

"म्हणजे मेलेलं हिरवं?"
"मेलेलं कसं? घर तेच, धंदा बदलला.
उन्हाळ्याची ऊब लागली, मुळांनी खत वर पाठवलं,
की यातले काही जुनं दुकान परत उघडतात."

आणि जाता जाता एक सांगितलं, ते मी अजून चघळते आहे:
फार फार पूर्वी हे दाणे बाहेर होते,
पाण्यात, आपापले, मोकळे.
कुणीतरी गिळलं. पचवलं मात्र नाही.
त्यांची वेगळी छोटी वही अजून त्यांच्यापाशी आहे,
संत्र्यात ती आईकडूनच बीजात उतरते.

मी सतराव्या वर्षी डोंगरातून या मैदानात आले.
हिशेब इथल्या भाषेत देते,
पेट्या मोजते ती आईच्या बोलीत, ओठ न हलवता.
हे तूदाला सांगितलं नाही. तिची बस होती.

माझे केस पिकलेत. मेंदी लावते,
तीही मुळाशी टिकत नाही.
मुकादम हमादी म्हणतो, इत्तो, पुढच्या हंगामाला
तुझ्या जागी सुनेला पाठव.
बघू, म्हणते.

आज पट्ट्यावर एक आलं, देठाशी हिरवी टोपी घातलेलं.
हात उचलला, आणि तसाच राहू दिला.
हमादी फोनवर होता.
मग आणखी एक सोडलं.

आठवड्याभरानं रॉटरडॅमला कुणी बाई
ते हातात घेऊन नाक मुरडेल,
पैसे वाया गेले म्हणेल, तरी सोलेल,
पहिली फोड तोंडात टाकेल