काटा खूश आहे

वडगावात दुपारी एकला माग थांबतात
आणि दोनपर्यंत रेडिओला ऐकू येतं.
तेवढ्यात भैरू कंग्राळकर मला गच्चीवर बोलावतो.

पीव्हीसीचा पाइप, हातभर.
वर तांब्याचे दोन पत्रे, खाली वेटोळं,
आणि म्हणे नव्वद टक्के.
नव्वद!
म्हणजे चिंचेपासून टाकीपर्यंतची माझी वीस मीटर तार
एवढी वर्षं नुसते कावळे बसवत होती.

मीटर बघ की, म्हणतो. एकास एक.
भैरू, काटा एवढंच सांगतो
की पाठवलेलं परत आलं नाही.
पंचवीस वर्षं टपाल लावलंय मी, हेड पोस्टात.
परत न आलेलं सगळंच पोचलेलं नसतं.

तरी गोकाकहून बसगौडा उत्तर देतो,
पाच-नऊ, अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा.
भैरूची छाती पाइपापेक्षा मोठी.

मी खिशातून फेराइटच्या कड्या काढतो, नऊ,
भंगारातल्या मॉनिटरांच्या वायरी सोलून जमवलेल्या.
पाइपाच्या बुडाशी केबलवर चढवतो,
कासार बांगड्या भरतो तशा, एकेक.
भैरू काटा पुन्हा जुळवतो. एकास एक.
बोलाव आता.

बोलावतो. परत बोलावतो.
शेवटी बसगौडाचाच मोबाइल येतो:
"एनू केळसवल्दु री."
काहीच ऐकू येईना. एवढं कानडी भैरूला येतं.

बोलत होती ती केबल,
गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून खोलीत,
पंधरा मीटर, काळी, कुणी न विचारलेली.
पाइप नुसता मिरवणुकीत
बँडच्या पुढं चालणाऱ्या माणसासारखा.

वेटोळ्याला हात लावला.
गरम.
पन्नास वॅट कुठं गेले ते तळहाताला कळलं.

कड्या जुन्या आहेत तुझ्या, भैरू म्हणतो.
पुढच्या आठवड्यात याहून लहान करतो.

मी हसलो नाही.
आमच्या चिंचेवर परवा महापालिकेनं
पांढरा पट्टा मारलाय, आकडा ४१७.
रस्ता रुंद होतोय. झाड गेलं की तार गेली.
मग माझ्या वाट्याला हातभर पाइपच.
आज जिना चढताना कड्या खिशात वाजत होत्या
आणि मी मनात म्हणत होतो,
खोटा पडू दे मला. एकदा तरी.

दोन वाजले. माग सुरू झाले.
भैरू काहीतरी म्हणाला, ते ऐकू आलं नाही.
कड्या तिथंच राहिल्या.