तेवीस, रिकामा, चढतोय

वाचनालयाच्या तळघरात सहा टेबलं जोडून
त्यांनी एक गाव अंथरलंय.
काळ्या चिकटपट्टीचे रस्ते, पुठ्ठ्याचं टपालघर,
आणि बुटाच्या खोक्याएवढ्या चार गाड्या,
ज्यांत चालवायला कुणी बसत नाही.

माझं वय एकोणसाठ. गुण एकशे दहा,
त्यातले पन्नास नुसतं नाव नोंदवल्याचे.
शेजारी डेलिया प्रिन्स, वय तेरा,
चार हजार दोनशे.

एकतीस वर्षं मी ओंडके वाहिले,
फोर्ट सेंट जेम्सच्या वरच्या जंगलातून गिरणीपर्यंत.
मार्चमध्ये गिरणी थांबली.
कचेरीतली बाई म्हणाली, मिस्टर फेर,
प्रशिक्षण फुकट आहे. कॉफीसुद्धा.

पहिल्या पातळीला मी गाडीला 'जा' म्हणालो
आणि 'थांब' म्हणायचं राहिलं.
ती टेबलावरून पडली.
माझ्या हातून झालेला पहिला अपघात.
डेलिया हसली नाही. चाक परत बसवून म्हणाली,
वाक्य पुरं करा,
उरलेलं ती मनानं समजून घेत नाही.
इर्मा घर सोडताना
जवळपास हेच बोलली होती.

सातवी पातळी : सिग्नल नसलेला चौक.
चार बाजूंनी चार गाड्या,
सेकंदाला दहा वेळा एकमेकींना सांगणाऱ्या,
मी इथे आहे, माझा वेग एवढा.
नियम आम्हीच लिहिलेला : दुसरी आली तर थांब.
चौघी थांबल्या.
मोठ्या सभ्यपणे, दिवे लुकलुकवत,
आणि पडद्यावर आमचे गुण गळत राहिले.

उजवीकडचीला आधी सोडू, डेलिया म्हणाली.
पण प्रत्येकीच्या उजवीकडे कुणीतरी होतंच.
इथंच घोडं पेंड खात होतं.
वेणीचं टोक चावत ती पुटपुटली,
एकीला तरी उद्धट करावं लागेल.

तेव्हा मी तिला तो रस्ता सांगितला.
एकच गाडी मावेल एवढा, खडीचा, आंधळ्या वळणांचा.
कडेला किलोमीटरच्या पाट्या, हातात रेडिओ.
तेवीस, रिकामा, चढतोय.
वरून कुणीतरी :
सव्वीस, भरलेला, उतरतोय.
मग रिकाम्यानं कडेच्या खाचेत शिरायचं,
दिवे मंद करायचे, थर्मास उघडायचा.
आभार नाहीत, वाद नाही.
भरलेल्याला उतारावर थांबता येत नाही,
एवढंच त्यामागचं शास्त्र.

एका जानेवारीत, एकेचाळीसच्या वळणावर,
कुणी आकडा बोललाच नाही.
ते मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, गाड्यांना आणखी एक ओळ बोलायला लाव :
माझ्यावर ओझं किती.

तिनं लिहिलं. बोटं इतकी भराभर,
जशी माझी कधीकाळी गिअरवर.
आणि दोघींचं ओझं सारखं असलं तर?
तर ज्याला आधी कंटाळा येतो तो निघतो, मी म्हणालो.
कंटाळा कसा लिहायचा, तिनं विचारलं,
आणि स्वतःच लिहिला :
एक ते नऊमधला कुठलाही आकडा मनात धर,
तेवढं मोज, मग नीघ.

पिवळी निघाली. मग निळी.
मग उरलेल्या दोघी, जरा अडखळत,
एकीनं टपालघराचा कोपरा चेपलाच.
पडद्यावर घंटा वाजली. आठशे गुण.
तिनं मला निम्मे दिले,
मी नको म्हणालो, आणि घेतले.

ती आता आठवी पातळी उघडते आहे.
बर्फाचा रस्ता, चारही गाड्या रांगेत,
आणि मधोमध प्लास्टिकचा एक मूस,
शिंगाचं एक टोक तुटलेला.

हा काय सांगतो बाकीच्यांना, ती विचारते.
काही नाही, मी म्हणतो.
ह्याच्याकडे रेडिओ नसतो.
हा फक्त उभा राहतो.

डेलिया बोटं उचलून घेते.
माझी कॉफी निवलेली.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसतो.