माझं कडकच लिहा

पाचपावलीत ढोबळेंचं कूलर दुरुस्तीचं दुकान.
रविवारी शटर अर्ध्यातच अडकतं,
त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण वाकून येतो.
यात नम्रता वगैरे काही नाही, गंज आहे.

मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते,
म्हणून रजिस्टर माझ्याकडे.
तारीख, हजर, विषय, कोण काय म्हणालं,
आणि शेवटचा रकाना: कोणाचं मत बदललं.
तो बहुतेक कोराच.
पेन चालतो की नाही बघायला
मी तिथेच रेघोट्या मारते.

नियम एकच, सोनकुसरेंनी आणलेला.
समोरच्याला खोडायच्या आधी
त्याचं म्हणणं त्यालाच सांगायचं, आपल्या तोंडाने,
आणि तो "हाव, हेच" म्हणेस्तोवर
आपली पाळी नाही.
पहिल्या दिवशी यापायी दोन वाजले.
पोहे गार, तर्री गार,
आणि विषय होता फक्त चहाची वर्गणी.

मे महिन्यात दुरुस्तीचा एखादा कूलर
टेस्टिंगच्या नावाखाली चालू असतो.
त्याच्यावर आवाज चढवणं कोणाला जमत नाही.
खुर्च्या आपोआप जवळ येतात.

त्या रविवारी विषय चौकातला कडुनिंब.
शाहीन म्हणाली, राहू द्या,
शाळेची पोरं त्याच्याखाली रिक्षाची वाट बघतात.
सोनकुसरे म्हणाले, तोडा. मुळासकट.
माझी मंजुळा ॲम्ब्युलन्समध्ये
त्या वळणावर सतरा मिनिटं होती.
आणि बोकडेंचा तन्मय हसला.
"काका, ॲम्ब्युलन्स झाडाने अडवली का,
का पानठेल्यासमोरच्या गाड्यांनी?"
मुद्दा बरोबर होता.
हसणं नव्हतं.
सोनकुसरे उठले, वाकले, उन्हात गेले.

पुढचे तीन रविवार
आमचं सगळ्या विषयांवर एकमत झालं.
साडेअकराला जो तो घरी.
रजिस्टरची पानं अर्धीच भरायची
आणि परतताना कोणी कोणाला
कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलं नाही.

चौथ्या रविवारी ते आले.
बसायच्या आधी रजिस्टर मागितलं,
ओळीखाली बोट धरून वाचलं.
"श्री. सोनकुसरे यांनी वाहतुकीबाबत
चिंता व्यक्त केली."
"हे मी बोललो?"
मी म्हटलं, जरा सौम्य केलं.
"चिंता-फिंता काही व्यक्त नाही केली बाप्पा मी.
तोडा म्हटलं. माझं कडकच लिहा बाई.
तुम्ही मऊ करून ठेवलं
तर ही पोरगी भांडन कोणाशी?"

मग खुर्ची ओढत, कोणाकडे न बघता:
"घरी पोरगा हाव म्हणते, सून हाव म्हणते.
महिना झाला, मले कोणी नाही म्हटलं नाही.
असं तर लोकं
बिमार माणसाशी वागतात."

तन्मयला मी खूण केली नव्हती.
तो स्वतःच बोलला.
"काकांना रस्ता रुंद पाहिजे."
"नाही."
"काकांना झाडाचा राग आहे."
"नाही रे."
कूलर घुमत होता. वाळ्याचा वास.
"काकांना वाटते, त्या सतरा मिनिटांचं
कोणीतरी देणं लागते.
अन् झाड तेवढं सापडलं."

ढोबळेंनी कूलर बंद केला. का, ते माहीत नाही.
"हाव," सोनकुसरे म्हणाले. "हेच.
आता खोड मले."

त्याने खोडलं. न हसता, पाऊण तास,
गाड्यांचे नंबर, पालिकेचा नकाशा, सगळं.
सोनकुसरे शेवटपर्यंत तोडा म्हणत राहिले.
मी लिहून घेतलं: तोडा. मुळासकट.
जुन्या ओळीवर व्हाइटनर लावला नाही,
एक रेघ मारली, खाली सही केली.

शेवटचा रकाना कोरा राहिला.
या वेळी मी तिथे पेन चालवून पाहिला नाही.

निघताना शाहीन म्हणाली, शटरला ग्रीस लावा.
ढोबळे म्हणाले, लावतो.
सोनकुसरे, अर्धे वाकलेले, तिथूनच:
"काऊन? राहू द्या की."

पुढच्या रविवारचा विषय ठरला.