अठरा नंबरपासून पुढे

हॅवर गावात, मोंटानाच्या पार उत्तरेला,
जिथे वारा कुणाची टोपीसुद्धा परत करत नाही,
माझी एक रेल्वे कंपनी आहे.
चारशे बारा मैल लोहमार्ग, त्रेचाळीस इंजिनं,
वहीच्या बाहेर एकही नाही.

हिरवा ठरवायलाच दोन हिवाळे गेले.
बाटलीचा हिरवा बर्फात काळा पडतो,
कोवळ्या गव्हाचा मे महिन्यात शेतातच हरवतो,
आणि फाटकाशी उभ्या माणसाला गाडी
आधी दिसली पाहिजे, आवडायची ती नंतर.
शेवटी सापडला तळघरातल्या बिलियर्डच्या टेबलावर,
खडूची धूळ बसलेला, कडेला जरा उसवलेला.
नाकावरची पांढरी पट्टी मी दहा अंश उतरती ठेवली.
सरळ ओढली की इंजिन उभ्या जागी पेंगतं.

ऑरिन ट्वेटची कंपनी नदीपलीकडे.
तो धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा
आणि वजनाच्या पावत्यांमागे डिझेलं काढायचा,
रंग गेरूकडे झुकलेला पिवळा.
म्हणायचा, श्रीमंत कंपन्या काळा घेतात,
आपल्याला मळ परवडेल असा रंग बघावा.
आणि मळ तो खरोखर काढायचा:
धुराड्यामागे काजळी, पायरीपाशी बुटांनी उडालेला रंग,
दुसऱ्या कंपनीकडून जुनं घेतलेलं एक इंजिन,
ज्याच्या नव्या आकड्याखालून जुना आकडा डोकावतो.
माझी सगळी मात्र कालच कारखान्यातून आलेली.
वीस वर्षं कालच.

नदीवर आमचं एक सामाईक जंक्शन होतं.
त्याची गाडी यायची सहा चाळीसला,
माझी सुटायची सहा पस्तीसला.
अकरा वर्षं त्याचे प्रवासी फलाटावर राहिले,
कागदी होते, पण थंडी उणे तीसची.
यावर आमचा रीतसर पत्रव्यवहार चाले:
महोदय, आपल्या हट्टाची संचालक मंडळाने नोंद घेतली आहे.
पत्र टेबलावरून सरकवायचं,
आणि पायचा उरलेला तुकडा कोण खाणार
हे नाणं उडवून ठरवायचं.

नोव्हेंबरात ऑरिन गेला.
मार्लिस एक बिस्किटांचा डबा घेऊन आली,
दारातच उभी राहिली, म्हणाली, हे तुम्हालाच कळेल.
आत पेन्सिली, खोडरबर, कंपनीचे हिशेब.
कर्ज सेंटपर्यंत मांडलेलं. बुडालेली होती कंपनी,
मला कधी बोलला नाही.
तळाशी एक पत्र, तारीख न घातलेलं:
महोदय, आमचं मंडळ विलीनीकरणास तयार आहे.
अट एकच. सहा पस्तीसची गाडी
पाच मिनिटं थांबावी.

रंगाविषयी एक अक्षर नव्हतं.

मग मी पहिल्यापासून सगळी इंजिनं परत काढली.
हिरव्याच्या पोटाशी त्याचा पिवळा, बोटभर रुंद,
त्याच्याच पेन्सिलीने, जी आधीच नखाएवढी होती.
तासताना जपलं, तरी टोक मोडायचं.
नवव्याला पट्टा थोडा अरुंद केला.
चौदाव्याला आणखी.
सतराव्याच्या केबिनच्या दारापर्यंत आलो
आणि बोटांत नुसतं लाकूड उरलं.

तोच रंग, तोच नंबर, मेन स्ट्रीटच्या दुकानात
तीन डॉलरला मिळतो. काचेतून दिसतो.
मी आणला नाही.
नोंदवहीत लिहिलं: निधीअभावी
अठरा नंबरपासून पुढे पट्टा रद्द.
अशा गोष्टी खऱ्या कंपन्यांतही होतात.

सतराव्यावर मी थोडी काजळी धरली.
जमली नाही, ढगासारखी झाली.
त्याला विचारायला हवं होतं, बोटाने पुसायचा की कापसाने.

सहा पस्तीसची आता सहा चाळीसला सुटते.
परवा सहा एक्केचाळीस झाले.
एक म्हातारी बॅग घेऊन पूल ओलांडत होती,
गार्डने थांबवली.