एका गावाला एकच अर्ज

अर्जाचा सातवा रकाना विचारतो:
अपेक्षित परिणाम काय, पंधराशे अक्षरांत.
मोकळ्या जागाही अक्षरंच धरल्या जातील,
अशी खाली बारीक टीप.

मी मोकळ्या जागेकडे बघत बसते.
बाहेर फेब्रुवारी. कागदाची गिरणी बंद पडून अकरावं वर्ष,
आणि नदीला अजून सवय झालेली नाही
स्वच्छ असण्याची.
ज्या हार्लो फॉल्सनं अर्ध्या मेन राज्याला कागद पुरवला
त्याच्या शाळेत वाचनाच्या खोलीत आता
व्यायामाच्या गाद्या रचून ठेवतात.
हे लिहू? नको. तक्रारीचा सूर लागेल.

मग गुरुवार लिहू.
गुरुवारी साडेतीनला इथे मुलं कुत्रीला गोष्ट वाचून दाखवतात.
कुत्रीचं नाव मोलॅसिस. वय तेरा, एका डोळ्यात मोतीबिंदू.
तिला घेऊन येते बर्निस, टपाल खात्यातून निवृत्त,
जिच्यामागे हयातभर गावची कुत्री धावली.
ऑगी थिबोडो, नऊ वर्षांचा, 'प'पाशी अडतो.
माणसं त्याचं वाक्य पुरं करून टाकतात,
मदत म्हणून.
मोलॅसिस करत नाही.
'प' येईपर्यंत ती थांबते,
आला की शेपूट एकदा फरशीवर आपटते. एकदाच.

आठवा रकाना: मोजमापाची पद्धत.

मंगळवारी अँब्रोज सीर आला, शाळेचा मुख्याध्यापक.
दारात बुटांवरचा बर्फ झटकला, थंडीबद्दल बोलला,
माझ्या बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली.
ताकाला आलेल्या माणसाचं भांडं
मला त्याच्या कोटाखाली दिसत होतं.
माझंही टेबलावरच होतं,
वर्तमानपत्राखाली उपडं.

एका गावाला एकच अर्ज. नियम चौथा.

त्याला हवी वाचायला शिकवणारी एक बाई,
अर्ध्या वेळेची का होईना.
मला हवे उन्हाळ्याचे आठ आठवडे: पुस्तकं,
आणि दुपारचं जेवण,
कारण शाळेला सुट्टी लागली की जेवणालाही लागते
आणि रिकाम्या पोटी कुणी विचारत नाही
पुढे काय झालं.
नाणं उडवू, तो म्हणाला.
दोघांच्याही खिशात नाणं निघालं नाही.
आम्ही हसलो, गरजेपेक्षा जरा जास्तच.

मग त्याचा मसुदा वाचला.
सर्वांगीण. शाश्वत. सक्षमीकरण.
अँब्रोज, म्हटलं, तीन पानांत एक मूल नाही.
तो चष्मा पुसत म्हणाला, मग तू घाल ना.

घातलं.
अर्जदार: शाळा.
हे लिहिताना माझंही 'प'पाशी अडल्यासारखं झालं.
उन्हाळ्याला एक ओळ मिळाली, अकराव्या रकान्यात,
'इतर' खाली.

शुक्रवारी पाचची मुदत, पावणेपाचला इंटरनेट बसलं.
वाचनालयाबाहेर रोज संध्याकाळी गाड्या उभ्या असतात,
इंजिन चालू, काचा धुरकट,
आमच्या वायफायवर कुणाची परीक्षा, कुणाचा सिनेमा.
कोट न घालताच धावले. काचा ठोठावल्या.
पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं बंद ठेवाल?
तिसऱ्या गाडीत ऑगीची आई,
मांडीवर संगणक, नर्सिंगचा वर्ग चालू.
कशासाठी, असं तिनं विचारलंही नाही.
झाकण मिटलं आणि हीटरपुढे हात धरून
माझ्याकडे बघत राहिली.

चार छप्पन्नला अर्ज गेला.
निकाल मे महिन्यात.

हीटिंग तेलाचं बिल त्याआधी येईल.
बर्निस म्हणते, मोलॅसिस हल्ली जिना चढत नाही,
तिला कुशीत उचलून आणावी लागते.
काल ऑगीनं दार उघडून धरलं,
मग गालिच्यावर बसला आणि पुस्तक उघडलं
मागच्या गुरुवारी अडला होता त्याच ओळीवर.