शेऱ्याचा रकाना

सांगलीच्या यार्डात सव्वीस वर्षं मी तोलार.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं
की आकडा ओरडायचा, वहीत मांडायचा.
ओल किती, माती किती, घट किती.
कुणाला पाव किलो सोडलेलं आठवत नाही.

महापूर ओसरला त्या आठवड्यात
लुथरन मंडळीचे आवळे पाळक सायकल ढकलत आले.
कॅरियरला गोणपाटात गुंडाळलेली वही.
"तुमचं गोदाम उंचावर. पंखे आहेत.
वाळवून मिळेल का?"
ठेवा म्हटलं.

मंडळीची नोंदवही ती.
पानं एकमेकांना बिलगलेली,
एकाची शाई शेजारच्या नावात उतरलेली.
सहा दिवस एकेक पान
चमच्याच्या दांड्यानं सोडवलं,
मध्ये वर्तमानपत्र घातलं.
आणि वाचत गेलो, दुसरं काय करणार.

देवसहायम, रेल्वे गार्ड, मिरज. गुंटूरच्या मंडळीची चिठ्ठी आणली.
एलीशिबा वायदंडे. दृढीकरण, झावळ्यांचा रविवार.
जुळी मुलं, एकाच्या नावापुढे क्रूस.
बदली सोलापूर. बदली दौंड. बदली दौंड.
मग त्रेचाळिसाव्या पानावर
सायमन लोंढे. शेऱ्याच्या रकान्यात:
"चार वर्षे येत नाही. दारू. नाव काढू नये."
त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं:
"अजून येत नाही. नाव काढू नये."

मी पंखा बंद केला.
माझ्या हजेरीवहीत तीन खाडे झाले
की हमालाच्या नावावर रेघ.
रेघ सरळ यावी म्हणून पट्टी धरतो मी.

वही द्यायला गेलो तो रविवार निघाला.
पत्र्याची खोली, भिंतीवर छातीएवढी पुराची खूण,
तेवीस माणसं, एक पेटी, तिचे तीन सूर बसलेले.
मागच्या बाकावर टेकलो
ते पुढचा पावसाळा येईतो टेकतच राहिलो.

दर गुरुवारी शिकवणी. शेजारी नववीतली दोन पोरं,
त्यांना सगळं पाठ, मला काही नाही.
मी आपला यार्डातला प्रश्न विचारला:
"सभासद व्हायला काय आणावं लागतं?"
"काही नाही."
"घट किती धरता?"
पाळकांना कळलं नाही. मग कळलं, आणि हसले नाहीत.
"धरत नाही," म्हणाले. "तिथं तुमचा काटा चालत नाही."
फुकट मिळतं त्यात खोट असते, हे मला पक्कं माहीत.
महिनाभर खोट शोधली.

आई म्हणायची, तुझा बाप्तिस्मा जतला झालाय.
कागद नव्हता. सुलभामावशीला एस.टी.नं आणलं.
तिला साल सांगता येईना, दुष्काळ सांगता आला,
बहात्तरचा.
"वाटीभर पाणी होतं. तीन कोसांवरनं आणलेलं.
याच्या डोक्यावरनं ओघळलं ते खाली परातीत धरलं
आन् शेरडाला पाजलं."
पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.
"चालेल," एलीशिबाबाई म्हणाल्या.

उभा राहिलो, सगळ्यांसमोर.
या मंडळीत राहशील का, असं विचारलं.
"होय, देवाच्या साहाय्यानं" म्हणायचं होतं.
सवयीनं यार्डातला आवाज लागला,
पत्रा दणाणला, एक लेकरू रडायला लागलं.
भाकर हातावर आली तेव्हा
तळव्याच्या रेघांत हळद होती. साबणानं जात नाही ती.
बाहेर पडताना पन्नास रुपये वर्गणीची पावती.
ती मात्र चोख.

आता नवी वही करतायत. अक्षर माझं बरं,
म्हणून उतरवायला मलाच दिलीय.
माझं नाव आलं, लिहिलं. पुढचा रकाना कोरा.
त्याच्या आधी बरंच, त्रेचाळिसाव्या पानाशी,
एक रविवार मी सायकल काढून हरिपूरला गेलो होतो,
बुजलेल्या पेवांच्या पलीकडे.
दार त्यानंच उघडलं. पाणी दिलं. विषय काढू दिला नाही.

दोन्ही शेरे जसेच्या तसे उतरवले.
खाली माझ्या हातानं, पट्टी न धरता:
"भेटलो. येत नाही. नाव काढू नये."